शुक्राणू कमी आहेत, आययूआय करावं का?

भाऊ, तुमचा रिपोर्ट 12 मिलियन आला, हालचाल 35 टक्के, डॉक्टर आययूआय (म्हणजे शुक्राणू नळीनं थेट गर्भाशयात सोडणं) करा म्हणतात आणि घरचे म्हणतात, दोष बाईचाच असेल. माझा आकडा तुमच्याहून कमी होता. आज मुलगी अंगणवाडीत जाते. त्यामुळे करा असंच सांगेन, पण आधी हिशेब समजून घ्या.

12 मिलियन म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 20 लाख. जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आहे. तुमचं वीर्य 2 मिलि भरलं, म्हणजे एकूण 2 कोटी 40 लाख आणि त्यातले हलणारे सुमारे 84 लाख. आययूआयला हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. तो 50 लाखांच्या खाली असला तर आशा फार कमी उरते. तुमचा करण्यासारखा आहे. तरी एकाच तपासणीवर जाऊ नका. जोराचा ताप येऊन गेला तरी पुढचे दोन-अडीच महिने आकडा पडलेला असू शकतो, कारण शुक्राणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. खर्रा आजच सोडा. ताकदीसाठी म्हणून कोणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देत असेल तर घेऊ नका, त्यानं शुक्राणू आणखी घटतात.

आपल्या खेड्यात खरी पंचाईत अंतराची. सॅम्पल तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवं, आणि यवतमाळची एसटी फाट्यावर कधी येईल याचा नेम नाही. म्हणून तिथेच जाऊन द्या. जिन्याखालची छोटी खोली, बाहेर बाकावर माणसं बसलेली, हातात झाकणाची डबी. पहिल्यांदा फार अवघड जातं. घाई करू नका, हवा तेवढा वेळ मागा. तेल, थुंकी, साधा कंडोम काही वापरायचं नाही. आधी दोन ते सात दिवस संबंध नकोत. डबीवर दोघांची नावं लिहिलेली स्वतः वाचा.

पुढे लॅबवाले ते धुऊन चांगले हलणारे शुक्राणू वेगळे काढतात आणि डॉक्टर ते बारीक नळीनं थेट गर्भाशयात सोडतात. पाच मिनिटांचं काम, भूल लागत नाही. पण त्याआधी वहिनींच्या गर्भनलिका उघड्या आहेत का ते तपासलंच पाहिजे. बंद असतील तर आययूआयचा पैसा वाया. सोनोग्राफीचे खेटे त्यांनाच पडतात. कापूस वेचणीचे दिवस असले तरी सोबत जा, आणि रिपोर्ट तुमचा आहे हे घरी तुमच्या तोंडून सांगा. आमच्याकडे तोवर सगळे उपासतापास बायकोच्याच माथी होते.

एका वेळेला यश साधारण 10 ते 15 टक्के. तीन-चार वेळा नीट करूनही जमलं नाही तर तेच रेटत बसू नका, इक्सीबद्दल विचारा, म्हणजे लॅबमध्ये एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचतात ते. वहिनी पस्तिशीच्या पुढे असतील तर त्याआधीच विचारा. कोणी दात्याचं वीर्य सुचवलं तर कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांसाठीच्या 2021 च्या कायद्यानं ते नोंदणीकृत बँकेतूनच आणावं लागतं, आणि तुम्हा दोघांच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही.