विश्वासानं तारण होत असेल, तर न्यायाचा दिवस कशासाठी?

तुम्ही लिहिलंय की तुमची ख्रिस्ती मैत्रीण म्हणते, येशूवर विश्वास ठेवला की तारण होतं, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सुटका होते. मग शेवटच्या दिवशी देव न्याय कशाचा करणार, आणि एकदा विश्वास ठेवल्यावर माणूस कसाही वागला तरी चालतं का, असं तुम्ही विचारताय. मी काही धर्मशास्त्राची पंडित नाही. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढले, आता साठी उलटली आहे. हा प्रश्न मला स्वतःला फार वर्षं छळत होता, म्हणून उत्तर लिहिते.

लहानपणी आमच्या गावात उज्जीवन सभा, म्हणजे श्रद्धा पुन्हा जागवणाऱ्या सभा, व्हायच्या. कंदिलाच्या उजेडात उपदेशक अग्नीच्या सरोवराबद्दल, म्हणजे नरकाबद्दल, बोलायचे, आणि त्या रात्री मी गोधडीत तोंड खुपसून दिवसभरातली पापं मोजायची. आईशी खोटं बोलले, बहिणीच्या वाटणीची चिंच खाल्ली. मोजणी पुरी झाल्याशिवाय झोप यायची नाही. ही सवय मोठेपणीही सुटली नाही. फक्त पापांच्या जोडीला चांगल्या कामांचाही हिशोब सुरू झाला.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय तुम्ही जरूर वाचा. यहुद्यांचा वल्हांडण सण दोन दिवसांवर आलेला, वधस्तंभावरचं मरण जवळ आलेलं, आणि येशू जैतुनाच्या डोंगरावर शिष्यांना शेवटच्या न्यायाबद्दल सांगतोय. मेंढपाळ जसा मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो, तसा राजा लोकांना उजवीकडे आणि डावीकडे करील. आमच्या वावरात सुगीनंतर खतासाठी धनगर मेंढरं बसवायचे, कळपात शेरडंही असायची. संध्याकाळी धुळीत मला सगळी सारखीच दिसायची. धनगराला मात्र निरखून बघावं लागायचं नाही, इतकी त्याची ओळख. न्यायाधीश म्हटलं की मला आधी कोर्ट आठवायचं. येशू ज्याचं चित्र काढतो तो मात्र कळप राखणारा आहे.

पण त्या गोष्टीत मला हलवून गेलं ते वेगळंच. राजा उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत. तहानेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगात होतो, तुम्ही माझ्याकडे आलात. यावर ते खूश होत नाहीत, ते गोंधळतात. प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? ज्यांनी काहीच दिलं नाही ते डावीकडचेही नेमकं हेच विचारतात. उजवीकडच्यांनी कुठेही नोंद ठेवलेली नव्हती. भाकरी दिली, कारण समोरच्याला भूक होती. आपण देवाच्या खात्यात काही भरतोय, हे त्यांच्या मनातही नव्हतं. माझ्याकडे तर वह्याच्या वह्या भरलेल्या होत्या.

आता विश्वासाबद्दल. येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या एका गुन्हेगारानं शेवटच्या घटकेला फक्त ‘माझी आठवण कर’ एवढं म्हटलं, आणि त्याला सुखलोकाचं वचन मिळालं. चांगली कामं करायला त्याच्याकडे वेळच नव्हता. म्हणून तुमची मैत्रीण म्हणते ते खरं आहे, तारण विकत घेता येत नाही. बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्रात प्रेषित पौलही म्हणतो, कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे. बरेच जण तिथेच थांबतात. पुढच्याच वचनात तो म्हणतो की देवानं आपल्याला सत्कृत्यांसाठी घडवलं आहे. विश्वास की कर्म, यावरून पश्चिमेकडच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सोळाव्या शतकात फूट पडली, आणि लुथरन (मार्टिन ल्यूथरला मानणाऱ्या) व कॅथोलिक मंडळींनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो या मूळ मुद्द्यावर एकत्र सही केली ती थेट 1999 साली, जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात. मला साधं उदाहरण पुरतं. लेकरू आईच्या पोटी जन्मतं ते काही कमावून नव्हे. पण मोठं झाल्यावर आईकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तर त्या नात्याला काय झालं असं कुणीही विचारील. न्यायाच्या दिवशी हेच उघडं होईल, असं मी मानते.

आमच्याकडे पंडिता रमाबाईंचं नाव आदरानं घेतात. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. त्या मुलींचं पोट भरणं आणि आपली भक्ती ही दोन वेगळी कामं आहेत असं रमाबाईंना वाटलं असेल, हे मला पटत नाही.

माझी गोष्ट याहून फार लहान आहे. वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते. त्यांचं सगळं मी केलं. अंग पुसणं, कूस बदलणं, रात्रीचं जागरण. आणि धाकटा भाऊ किती वेळा आला नाही, हे मी तारखांसकट लक्षात ठेवलं. वडील गेल्यावर एका रविवारी चर्चमध्ये प्रभूभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीआधी, पाळकांनी (आमच्या धर्मगुरूंनी) हाच पंचविसावा अध्याय वाचला, आणि माझ्या लक्षात आलं की मी दोन वर्षं वडिलांची सेवा करता करता भावाचा न्याय करत बसले होते. ते आसन माझं नव्हतं. भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी ते तसंच पुढे दिलं. आधी भावाशी समेट करायचा, मग वेदीपाशी अर्पण वाहायचं, असं येशूनंच डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं आहे.

घरी येऊन फोन केला. त्यानं उचलला नाही. बुधवारी पुन्हा केला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘अक्का, मला त्यांना तसं बघवत नव्हतं गं.’ हे माझ्या हिशोबात कुठेच नव्हतं.