फळ्यावरचं गणित

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ‘जगाने महास्फोटाचा, म्हणजे विश्वाला एक ठरावीक आरंभ असल्याचा, सिद्धान्त स्वीकारला, मग नारळीकर सरांची इतक्या वर्षांची मेहनत वाया गेली असंच म्हणायचं ना?’ असं तू सरळ विचारलंस, ते बरं केलंस. २० मे २०२५ रोजी सर गेले, तेव्हा मी वाचलेल्या बहुतेक लेखांत रँग्लर, पद्मविभूषण, पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक अशी ओळख होती. तुझ्या प्रश्नाच्या वाटेला कुणी गेलं नव्हतं.

आधी सरांच्या बनारसच्या घराबद्दल सांगतो. हिंदू विद्यापीठाच्या आवारातल्या त्या घरात वडिलांनी भिंतीवर फळे करून घेतले होते. शिकायला येऊन राहिलेला मोरूमामा त्यावर खास जयंतासाठी एखादं अवघड गणित लिहून ठेवी. ते सुटेपर्यंत, नाहीतर जयंत ‘हरलो’ म्हणेपर्यंत तिथेच राही. येता-जाता डोळ्यांसमोर एक न सुटलेली गोष्ट असण्याची सवय त्यांना शाळकरी वयात लागली.

पुढे केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल गुरू मिळाले. विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावताना नवं द्रव्य निर्माण होत राहतं, असं हॉईल मानत. १९६४ साली दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा सर सव्वीशीचेही नव्हते. कणाचं वस्तुमान विश्वातल्या इतर सगळ्या कणांमुळे ठरतं, ही त्यातली कल्पना. ती रॉयल सोसायटीत मांडली जात असताना हॉकिंग नावाचा विद्यार्थी उठला आणि म्हणाला, प्रसरणशील विश्वात इतर कणांच्या परिणामांची ही बेरीज अनंत होते. पुढच्याच वर्षी आकाशात सगळीकडून येणारं सूक्ष्मतरंगांचं पार्श्वभूमी प्रारण, महास्फोटाची उरलेली धग मानलं जाणारं, सापडल्याची बातमी आली आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले.

सर वळले नाहीत. १९९३ मध्ये हॉईल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सुधारित मांडणी केली. विश्व आलटून पालटून फुगतं आणि आक्रसतं. ते प्रारण म्हणजे जुन्या ताऱ्यांचा प्रकाश, लोखंडाच्या सुईसारख्या कणांनी शोषून पुन्हा बाहेर टाकलेला. खरं सांगू? मला ही मांडणी पटत नाही. पण त्यांचा एक शोधनिबंध उघडून बघ. आमचं खरं असेल तर आधीच्या आवर्तनातले फार म्हातारे, कमी वस्तुमानाचे तारे सापडायला हवेत, काही अंधुक दीर्घिकांचा प्रकाश, विश्व आजच्यापेक्षा जास्त फुगलेलं असताना निघालेला, वर्णपटात निळ्याकडे सरकलेला दिसायला हवा, असं त्यांनी मांडून ठेवलंय. आपल्याला कुठे पकडायचं, हे ते स्वतःच विरोधकांना दाखवून देत होते. अल्पमतात राहून इतकं स्वच्छ वागणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

ज्योतिषाच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं. भाषणं देऊन ते थांबले नाहीत. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी सुमारे ४६ टक्के बरोबर. नाणं उडवूनही एवढं जमतं.

आणि सही मागणारी शाळकरी मुलं! त्यांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. अशी किती पोस्टकार्डं महाराष्ट्रभर घरोघरी जपलेली असतील! मला पद्मविभूषणापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

तेव्हा ‘वाया गेली’ हा शब्द तू मागे घे, असा माझा आग्रह आहे. विरुद्ध बाजूने इतका अभ्यासू माणूस उभा होता, म्हणून महास्फोटवाल्यांनाही आपले पुरावे पुन्हा पुन्हा तपासावे लागले.

तुझ्या प्रबंधाचा मसुदा तू दिवाळीनंतर पाठवणार आहेस. त्याआधी एकच पान लिही : काय दिसलं तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल? ते पान आधी पाठव. बाकीची प्रकरणं मी त्यानंतर वाचेन.

तुझे,
सर