रणगाडे असताना चाकी चिलखती गाड्या कशाला?

प्रश्न : अमेरिकी लष्कराच्या 'स्ट्रायकर' गाड्यांविषयी वाचलं. आठ रबरी टायर आणि रणगाड्यापेक्षा कितीतरी पातळ चिलखत! टायरवर चार गोळ्या झाडल्या की खेळ संपला. मग हा खटाटोप कशासाठी?

उत्तर : टायरचं आधी उरकतो. या टायरच्या आत कडक कडं बसवलेलं असतं, त्यामुळे हवा गेली तरी गाडी कमी वेगाने काही अंतर काढते. चाकं आठ असल्याने एखादं निकामी झालं म्हणून ती जागेवर बसत नाही. शिवाय चालक बसल्या जागेवरून हवा कमी-जास्त करतो. वाळूत कमी, डांबरावर जास्त.

आता खटाटोपाचं कारण. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेव्हा अमेरिकेचे ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनचे (छत्रीधारी सैन्याचे) जवान विमानाने काही दिवसांत सौदी अरेबियात उतरले. समोर इराकी रणगाडे आणि यांच्याकडे हलकी हत्यारं. 'आपण म्हणजे रस्त्यातले गतिरोधक' असं ते स्वतःच म्हणत. साठ टनांहून जड अब्राम्स रणगाडे जहाजाने यायला आठवडे लागले. ही मधली फट बुजवायला लष्करप्रमुख जनरल एरिक शिन्सेकी यांनी ऑक्टोबर १९९९ मध्ये लक्ष्य जाहीर केलं : जगात कुठेही ९६ तासांत एक ब्रिगेड, म्हणजे काही हजार जवानांची तुकडी, पोहोचवायची. त्यातून स्ट्रायकर आली.

ते ९६ तास मला कधीच पटले नाहीत. सी-१३० या मालवाहू विमानात एकच गाडी, तीही कशीबशी मावते आणि एवढ्या ओझ्याने विमानाचा पल्ला घटतो. ब्रिगेडमध्ये अशा गाड्या तीनशेच्या घरात. करा हिशेब! २००३ च्या अखेरीस पहिली स्ट्रायकर ब्रिगेड इराकला निघाली, ती कुवेतपर्यंत जहाजानेच.

पण खरी कमाई उतरल्यानंतर सुरू होते. माझी उमेदीची वर्षं रणगाड्यासारख्या, चाकांऐवजी साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या वाहनांखाली ग्रीस खाण्यात गेली, म्हणून सांगतो : पट्टा हे मोठं खर्चिक लाड असलेलं प्रकरण आहे. पिना झिजतात, रबरी पॅड उडतात, ताण सतत पाहावा लागतो, आणि एक कडी तुटली की अख्खं वाहन जागच्या जागी गोल फिरतं. म्हणून लांबचा पल्ला असेल तर रणगाडा ट्रेलरवर चढवून नेतात. म्हणजे ट्रेलर आले, ते ओढणारे ट्रक आले, त्यांचं डिझेल आलं. चाकी गाडी मात्र बंदरावरून निघते आणि स्वतःच्या चाकांवर शेकडो किलोमीटर जाते. चांगल्या रस्त्यावर ताशी ९० च्या पुढे, दोघांचा चमू आणि मागे नऊ जवान घेऊन. आवाजही कमी. इराकमधल्या मोसुल शहराच्या गल्ल्यांत याचा उपयोग झाला.

किंमत मोजावी लागतेच. रॉकेट रोखायला इराकमध्ये गाडीभोवती लोखंडी गजांचा पिंजरा बसवला. वजन दोन टनांहून अधिक वाढलं, टायरवर ताण आला, ओल्या मातीत चाकं रुतू लागली. अफगाणिस्तानात जमिनीतल्या स्फोटांनी सपाट तळ फाटू लागले, तेव्हा २०११ पासून स्फोटाचा जोर बाजूला वळवणारा दुहेरी 'व्ही' आकाराचा तळ आला. वजन आणखी वाढलं. चिखलात पट्टाच श्रेष्ठ, यात वाद नाही.

प्रश्न : मग त्यावर रणगाड्याचीच तोफ का बसवत नाहीत?

उत्तर : बसवली होती, १०५ मिलिमीटरची. आपोआप गोळा भरणारी यंत्रणा कटकटीची ठरली आणि त्या गाडीचा तळही जुनाच, सपाट राहिला. ती गाडीच काढून टाकायचा निर्णय २०२१ मध्ये झाला. त्याआधीच, २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यानंतर, जर्मनीतल्या अमेरिकी रेजिमेंटच्या काही गाड्यांवर ३० मिलिमीटरची तोफ चढली होती. माझ्या मते तेवढी पुरे. मोठी तोफ दिली की कुणीतरी अधिकारी तिला रणगाडा समजून खऱ्या रणगाड्यांसमोर उभी करणार.