कूपरेजला खरंच एवढी गर्दी व्हायची का? : वाचकांचे फुटबॉलविषयी प्रश्न

प्रश्न (लालबागहून एक वाचक) : काका नमस्कार. माझे आजोबा ८६ वर्षांचे आहेत. ते सांगतात की त्यांच्या तरुणपणी कामावरून सुटलं की सगळे थेट कूपरेजला फुटबॉल बघायला जायचे आणि आत जागा नसली तर बाहेर उभं राहून नुसत्या आवाजावरून गोल कोणाचा झाला ते ओळखायचे. घरात सगळे म्हणतात आजोबा वाढवून सांगतात, मुंबई म्हणजे क्रिकेट. खरं काय? आणि एवढं होतं तर गेलं कुठं?

उत्तर : बाळा, आजोबांवर विश्वास ठेव. त्यांच्यासमोर फक्त रोव्हर्स कप असं म्हणून बघ, पुढचा तासभर तुला काही बोलावं लागणार नाही.

रोव्हर्स कप ही फुटबॉलची स्पर्धा मुंबईत सुरू झाली १८९१ ला. सिमल्याची ड्युरँड स्पर्धा १८८८ ची, म्हणजे त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी. पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटने नेला आणि मग कितीतरी वर्षं तो गोऱ्या पलटणींकडेच फिरत राहिला. १९२३ ला कलकत्त्याहून मोहन बागान आली, थेट फायनलला पोचली आणि डरहम लाइट इन्फन्ट्रीकडून ४-१ नी हरली. भारतीय टीमनी कप उचलायला १९३७ उजाडलं, ती टीम बंगलोर मुस्लिम्स. १९४० ला मोहमेडन स्पोर्टिंग. आणि मग आली हैदराबाद पोलीस, १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं कप त्यांचाच, कोच सय्यद अब्दुल रहीम, तेच रहीमसाहेब ज्यांच्या हाताखाली भारतानी १९६२ ला जकार्ताला एशियन गेम्सचं गोल्ड आणलं. आता विचार कर, हे सगळे लोक दरवर्षी कुलाब्याच्या तोंडाशी, कूपरेजला येऊन खेळत होते, आपल्या डोळ्यांसमोर. गर्दी होणार नाही तर काय होणार? दिलीपकुमार कूपरेजला मॅच बघायला यायचे. प्राण यांचा तर डायनॅमोज नावाचा स्वतःचा क्लब होता.

तुझे आजोबा १९ वर्षांचे असतील तेव्हाची, १९५८ ची गोष्ट त्यांना नक्की विचार. त्या वर्षी रोव्हर्स कप मुंबईच्याच कॅलटेक्सनी जिंकला. कॅलटेक्स म्हणजे तेलकंपनी. आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

मुंबईचा फुटबॉल उभा होता नोकरीवर. कलकत्त्यात क्लबाला मोहल्ला होता, पिढ्यानपिढ्यांचे सपोर्टर होते. आपल्याकडे टीम असायची ऑफिसची किंवा मिलची. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, दोन्ही रेल्वे, एअर इंडिया, कस्टम्स, आरसीएफ, बँका. धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या राहायच्या क्लबात राहणारा गोव्याचा पोरगा असो, बांद्र्याचा असो, माझगावचा असो नाहीतर नागपाडा-मदनपुऱ्यातला असो, पाय चांगला असला की कोणीतरी मैदानावरच विचारायचं, नोकरी करणार का. सकाळी प्रॅक्टिस, मग ऑफिसात सही, मॅच असली की दुपारी सुट्टी, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गुडघा गेला, वय झालं तरी पगार चालू. आईबापाला पटायचं ते हे. माझ्या शेजारी एक काका होते, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून जिना चढायचे, पण रिटायर झाले ते व्यवस्थित पेन्शन घेऊन, आणि ती नोकरी त्यांना डाव्या पायानी मिळवून दिली होती हे ते अभिमानानी सांगायचे.

आणि हे सगळं चालायचं पावसात. क्रिकेटवाले जूनमध्ये किट गुंडाळायचे आणि मैदानं आमची व्हायची. १९०२ पासूनची मुंबईची हारवूड लीग, तिच्या मॅचेस. क्रॉस मैदानावर एका कोपऱ्यात पाणी साचायचं, बॉल तिथे गेला की थांबायचा, नुसता थपकन थांबायचा, आणि दोघं डिफेंडर पुढे घसरत निघून जायचे आणि मागून येणारा हळूच बॉल काढून घ्यायचा. जे मुंबईत वाढले त्यांना ते डबकं कुठे आहे ते पाठ असायचं आणि बाहेरच्या टीमना नसायचं. हाफटाइमला शर्टांचे रंग ओळखू यायचे नाहीत. मी शाळेतून घरी न जाता तिथे छत्री घेऊन उभा राहायचो, आणि छत्री उघडली की मागचे ओरडायचे, म्हणून भिजायचो.

मग गेलं कुठं? गिरण्या गेल्या, ऑफिसांनी खेळाडू घेणं कमी केलं, १९९६ ला नॅशनल लीग सुरू झाली आणि खर्च एकदम वाढला, टीव्हीवर दुसऱ्या देशांचा फुटबॉल दिसायला लागला. रोव्हर्स कप शेवटचा झाला तो २०००-०१ चा, मोहन बागाननी जिंकला, आणि मग परत झालाच नाही. ११० वर्षं चाललेली स्पर्धा अशी गुपचूप बंद पडावी याचं मला आजही फार वाईट वाटतं. महिंद्र युनायटेड तर २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकलेली टीम, देशातली एक नंबरची, ती २०१० ला बंद झाली. मुंबई एफसी २००७ ला आली, २०१७ पर्यंत टिकली. खेळणारी पोरं कमी झाली नव्हती रे, त्यांना महिन्याचा पगार देणारं टेबल कमी झालं.

कूपरेज मात्र आहे. आता तिथे टर्फ आहे, चिखल नाही. डिस्ट्रिक्टच्या लीगच्या मॅचेस तिथे असतात, आजोबांना एकदा घेऊन जा, टॅक्सीनी ने.

प्रश्न (बांद्रा, कॉलेजात शिकणारी वाचक) : मी ज्या टर्फवर खेळते त्याचं नाव नेव्हिल डिसोझा ग्राउंड आहे. हे कोण होते? आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही.

उत्तर : ताई, हे वाचून आधी जरा पोटात कालवलं, पण तू विचारलंस म्हणून बरं वाटलं.

१९५६, मेलबर्न ऑलिंपिक. भारताची क्वार्टर फायनल यजमान ऑस्ट्रेलियाशी, त्यांच्याच मैदानात, त्यांच्याच लोकांपुढे. भारत ४-२ नी जिंकला आणि त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू. तो मुंबईत टाटा आणि कॅलटेक्सकडून खेळलेला माणूस, म्हणजे वर ज्या ऑफिस टीमबद्दल लिहिलं ना, त्यातलाच. सेमीफायनलला युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यानीच मारला, भारत पुढे होता, हे लक्षात घे, ऑलिंपिकच्या सेमीफायनलला भारत १-० नी पुढे होता. नंतर ४-१ नी हरलो, मग ब्राँझची मॅच बल्गेरियाकडून ३-० नी हरलो आणि चौथे आलो. त्या ऑलिंपिकमध्ये नेव्हिलचे चार गोल, सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्यांमध्ये त्याचं नाव वरती. आणि चारच वर्षांपूर्वी, १९५२ ला हेलसिंकीत, याच युगोस्लाव्हियानी आपल्याला १०-१ नी धुतलं होतं, आपले बरेचसे खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले होते. चार वर्षांत एवढा फरक.

पुढच्या वेळी वॉर्मअपला उभ्या राहाल तेव्हा टीममधल्या सगळ्यांना हे सांग. दोन मिनिटं लागतात.

प्रश्न (गिरगाव) : कूपरेज हे कोणा कूपर नावाच्या पारशी माणसाचं नाव आहे का?

उत्तर : नाही. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा कारागीर. पूर्वी तिथे पिंपं बनवायच्या शेड होत्या, त्यावरून कूपरेज.

प्रश्न (कांदिवली, एक वडील) : मुलगा १२ वर्षांचा आहे, फुटबॉल सोडून काही सुचत नाही त्याला. मुंबईतला मराठी मुलगा यात पुढे गेल्याचं एक तरी उदाहरण द्या, म्हणजे घरी सांगता येईल.

उत्तर : राहुल भेके. मुंबईचा डिफेंडर, मुंबई एफसीमधूनही खेळलेला. १७ मार्च २०१९, आयएसएलची म्हणजे इंडियन सुपर लीगची फायनल, आपल्या अंधेरीच्या स्टेडियमवर, बेंगळुरू विरुद्ध गोवा. नव्वद मिनिटं ०-०, एक्स्ट्रा टाइम संपत आलेला, कॉर्नर आला आणि भेकेनी हेडर मारला. १-० नी फायनल बेंगळुरूची. पुढे तो मुंबई सिटीत आला. एप्रिल २०२२ ला आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला मुंबई सिटीनी २-१ नी हरवलं, त्या स्पर्धेत मॅच जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब, आणि त्यातला विजयी गोल परत भेकेचा हेडर. मे २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्या घरी ३-१ नी हरवून मुंबई सिटीनी आयएसएल कप घेतला तेव्हा कॅप्टन तोच होता.

आता तुमच्या मनातली खरी भीती मला कळते. ऑफिसची नोकरी देऊन पोराला सांभाळणारी ती पद्धत आता फारशी उरली नाही, क्लबचं कॉन्ट्रॅक्ट दोन-तीन वर्षांचं असतं आणि तिथपर्यंत पोचणारे थोडे. म्हणून शाळा सोडू देऊ नका, पण खेळही सोडवू नका. महागड्या अकादमीच्या मागे लगेच धावू नका, आधी शाळेच्या टीममधून आणि वयोगटाच्या लीगमधून त्याला भरपूर मॅचेस खेळू द्या. बारा वर्षांच्या मुलाला मॅचेस लागतात. आणि पावसाळ्यात चिखलात खेळून आला तर रागावू नका, बूट फक्त वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा, उन्हात ठेवले की सोल सुटतो.