'तेर्वार'ला 'मृदागंध' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: युरोपातल्या छोट्या वाइनकारांवरचा लेख मराठीत आणायचा आहे. त्यात पावलोपावली येणाऱ्या 'तेर्वार' (बागेच्या जागेमुळे वाइनला येणारा गुण) या फ्रेंच शब्दाला 'मृदागंध' चालेल का? आणि 'आर्टिझन वाइन'ला 'हस्तनिर्मित मद्य' म्हणावं का?

दोन्ही नकोत. 'मृदागंध' कानाला गोड लागतो, पण तो पहिल्या पावसाचा शब्द आहे. तेर्वारचा वासाशी थेट संबंध नाही, आणि त्यात नुसती मातीही नाही. उताराचं तोंड कुठे आहे, पाण्याचा निचरा कसा होतो, उंची किती, थंडी कुठे साचते, वारा कुठून येतो, हे सगळं त्यात येतं. तिथल्या माणसांची रीतही येते. वेल आणि वाइनविषयीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (ओआयव्ही) 2010 साली केलेल्या व्याख्येत तर त्या भागातल्या लोकांचं सामूहिक ज्ञान हाच गाभा आहे. ग्रीसच्या सान्तोरिनी बेटावर सोसाट्याच्या वाऱ्यापासून घड वाचावेत म्हणून वेली जमिनीलगत टोपलीसारख्या गोल वळवतात. ही रीत तिथल्या तेर्वारचाच भाग. 'मृदा' म्हटलं की ती बाहेर राहते.

फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या शाब्ली गावाचं उदाहरण घ्या. तिथली वाइन फक्त शार्दोने या एकाच वाणाची. गावाला लागून, नदीच्या उजव्या काठावर नैऋत्येकडे तोंड करून असलेल्या उतारावर 'ग्रां क्रू'च्या, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या बागा आहेत. खाली चुनखडीयुक्त चिकणमाती, तिच्यात स्वल्पविरामाच्या आकाराच्या बारीक शिंपल्यांचे जीवाश्म. वरच्या पठारावर चुनखडी वेगळ्या थरातली आणि वाराही जास्त. तिथली वाइन 'पेती शाब्ली' म्हणून विकली जाते. वाण तोच, गुण वेगळा. 'वाण नाही पण गुण लागला' ही म्हण पवळ्याऐवजी द्राक्षवेलीसाठी केली असावी असं वाटतं, इतकी ती इथे बसते. म्हणून माझी शिफारस साधी आहे: पहिल्यांदा 'तेर्वार' लिहा, अर्थ सांगा, आणि पुढे 'जागेचा गुण' वापरा. 'मातीचा गुण' बोलण्यात ठीक. पण त्यामुळे वाचकाला वाटतं की शिंपल्यांची चव थेट पेल्यात उतरते. तसं होत नाही. मुळं पाण्यात विरघळलेली अन्नद्रव्यं घेतात, दगडाची चव घेत नाहीत. माती काम करते ती पाणी धरून किंवा सोडून, ऊब साठवून.

जुना मजकूर भाषांतरित करत असाल तर एक खाचखळगा आहे. पूर्वीच्या फ्रेंचमध्ये वाइनला 'तेर्वारची चव' आहे असं म्हणणं ही तक्रार असे. तिथे 'जागेचा गुण' लिहिलंत तर निंदेची स्तुती होईल. 'मातकट चव' हेच बरोबर.

काही जण 'गावरान' सुचवतात. चीज, मध, मुरांबे अशा 'तेर्वारच्या उत्पादनां'ना तो शोभतो. वाइनला मात्र नाही, कारण आपल्याकडे गावरान म्हणजे कलमी नव्हे. आणि 1860च्या दशकापासून फिलॉक्सेरा या मुळांतला रस शोषणाऱ्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्यावर तिथल्या बहुतेक सगळ्या वेली अमेरिकन खुंटावर कलम केलेल्या आहेत. डॉगरीज खुंटावर द्राक्ष बांधणाऱ्या नाशिकच्या बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. तो तुमचा 'गावरान' वाचून हसेल.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या 'क्लिमा' या शब्दात. बर्गंडीत क्लिमा म्हणजे हवामान नव्हे. नाव आणि हद्द ठरलेला बागेचा तुकडा म्हणजे क्लिमा. असे 1247 तुकडे आहेत, आणि 2015 साली युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतले. याला आपल्याकडे तयार शब्द आहे: थळ. जुन्या महसुली मराठीत नावाने ओळखला जाणारा जमिनीचा तुकडा म्हणजे थळ, आणि मिरासदार तो थळकरी. 'क्लो द वूजो' हे सिस्टर्शियन मठवासीयांनी भिंत घालून बांधलेलं थळ साधारण 50 हेक्टरचं आहे, आणि त्याच्या 'सातबाऱ्या'वर आज ऐंशीच्या आसपास नावं निघतील. वरचा उतार आणि रस्त्यालगतचा सखल, ओल धरणारा भाग यांत बराच फरक, तरी बाटलीवर थळाचं नाव एकच. म्हणून भाषांतरात थळाबरोबर उत्पादकाचं नाव कधीही गाळू नका.

जर्मनीत थळाला 'लागं' म्हणतात, आणि तिथे व्याकरण फसवतं. 'पीसपोर्टर गोल्डट्रॉप्फ्शेन' म्हणजे पीसपोर्ट गावचं गोल्डट्रॉप्फ्शेन हे थळ. शेवटचा '-अर' हा आपला 'चा/चं'. 'पीसपोर्टर नावाच्या गावात' असं लिहू नये. आणखी एक: 'पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग' अगदी तसंच दिसतं, पण ते एक थळ नसून 1971च्या कायद्याने एकत्र बांधलेला अनेक गावांच्या बागांचा मोठा गट आहे. त्याला 'थळ' म्हणणं ही नुसती चूक नाही, दिशाभूल आहे. 'थळसमूह' म्हणा.

गाव आणि वाण यांचीही गल्लत होते. 'शाब्ली जातीची द्राक्षं', 'बारोलो द्राक्ष' असं छापून येतं. बारोलो हे इटलीतलं गाव, द्राक्ष नेब्बिओलो. सांसेर हे फ्रान्समधलं गाव, तिथल्या पांढऱ्या वाइनचं द्राक्ष सोव्हिन्यों ब्लां. आपण 'देवगड हापूस' म्हणताना दोन्ही सांगतो. फ्रेंच लेबल बहुधा नुसतं 'देवगड' म्हणून थांबतं.

आता 'आर्टिझन'. हस्तनिर्मित म्हटलं की कागद नाहीतर साबण आठवतो. वाइनच्या बाबतीत या शब्दाला सहसा कायदेशीर अर्थ नाही. अपवाद बोर्दोजवळच्या मेदॉकचा, जिथे 'क्रू आर्टिझां' हा छोट्या बागांचा अधिकृत वर्ग आहे. तिथे शब्द तसाच ठेवा. इतरत्र लेखकाला काय म्हणायचंय ते बघा. बहुतेकदा ते एवढंच असतं: स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची, स्वतः केलेली वाइन. हे लेबलवरून बऱ्यापैकी ताडताही येतं. शॅम्पेनच्या बाटलीवर बारीक अक्षरांत 'आरएम' असेल तर तो बागायतदार-वाइनकार. 'एनएम' असेल तर द्राक्षं विकत घेणारी पेढी. 'सीएम' असेल तर सहकारी संस्था. इतर फ्रेंच बाटल्यांवर 'ओ दोमेन' म्हणजे बागेतच बाटलीबंद केलेली. 'आ ला प्रोप्रिएते' असेल तर सावध राहा, ते सहकारी संस्थांनाही लिहिता येतं. मराठीत मी अशा माणसाला 'वाइनकार बागायतदार' म्हणेन, आणि त्याच्या वाइनला 'घरच्या बागेची वाइन'. 'मद्य' मात्र टाळा; त्यात व्हिस्कीपासून ताडीपर्यंत सगळंच येतं.