रास्पबेरी पायवर बटणं आणि आयआर रिमोटसाठी डिव्हाइस ड्रायव्हर कसा लिहावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाय झिरो या छोट्या रास्पबेरी पाय संगणकाला पाच बटणं आणि एक आयआर (इन्फ्रारेड) रिमोट जोडायचा आहे, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. गाइड म्हणतात ड्रायव्हरचं कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात बसणारा कोड) स्वतः लिहा, मित्र म्हणतो पायथॉनमध्ये लूप फिरव. कोणाचं ऐकू?

दोघांचंही ऐकू नका. दोन्ही ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून आहेत आणि उत्तम आहेत. बटणांसाठी जीपीआयओ-कीज, रिमोटसाठी जीपीआयओ-आयआर-रिसीव्ह. कोणत्या पिनवर काय जोडलंय आणि कोणतं बटण दाबलं की कोणता कीकोड (कीचा आकडा) जायला हवा, एवढंच डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डाला काय काय जोडलंय त्याच्या यादीत, सांगायचं. पुढे दोन शब्द सारखे येतील: इंटरप्ट म्हणजे पिनवर काही घडलं की प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा, आणि ओव्हरले म्हणजे डिव्हाइस ट्रीला जोडायची पुरवणी.

इतक्या ठामपणे सांगतोय, कारण नेमक्या याच गोष्टीवरून माझं एका नोकरीत कडाक्याचं भांडण झालं होतं.

पुण्यातली छोटी कंपनी. आम्ही कबड्डीचे इलेक्ट्रॉनिक गुणफलक बनवायचो. आत पाय झिरो, समोर लाल पी-टेन पॅनेलं (एलईडी दिव्यांच्या पाट्या), गुणलेखकाच्या टेबलावर मोठ्या बटणांचा डबा आणि जोडीला रिमोट. चढाईचं ३० सेकंदांचं घड्याळही त्याच फलकावर. मी रुजू झालो तेव्हा माल बाजारात गेलेला होता आणि तक्रारी यायला लागल्या होत्या. रिमोट दाबला की फलक झपकन लवतो. दोन बटणं पाठोपाठ दाबली तर एकच लागतं. आणि सगळ्यात वाईट तक्रार: कोणी हात न लावता गुण वाढतो.

ही तिसरी तक्रार मी डोळ्यांनी पाहिली. बंदिस्त हॉलमधला सामना, वर ट्यूबलाइटच्या रांगा. रिमोट टेबलावर पालथा पडलेला, गुणलेखकांचे हात कागदावर, आणि पाहुण्या संघाचा गुण एकाने वाढला. गुणलेखक निवृत्त पीटीचे शिक्षक होते. आयुष्यभर मुलांना खेळ शिकवलेला माणूस. लोक त्यांच्या अंगावर धावून आले, ‘मास्तर, किती घेतले?’ असं तोंडावर विचारलं. पंचांनी वहीतला हिशेब दाखवून गुण कमी करवला, सामना पुढे सुरू झाला. पण मास्तरांनी त्यानंतर बटणांच्या डब्याला हात लावला नाही. ते मला अजून लागतं, कारण दोष आमच्या डब्याचा होता.

परत येऊन ड्रायव्हर उघडला. माझ्या त्या वेळच्या वरिष्ठांनी स्वतः लिहिलेला, कंपनीत त्याचा मोठा अभिमान. रिमोटच्या पिनवर सिग्नल खाली आला की इंटरप्ट, आणि त्या इंटरप्टच्या आतच युडिले (प्रोसेसर अडवून वाट बघणं) करत करत ३२ बिटं वाचायची. एनईसी प्रोटोकॉलचं, म्हणजे रिमोट ज्या पद्धतीने कोड पाठवतो तिचं, गणित बघा: सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा झोत, ४.५ मिलिसेकंद शांतता, मग ३२ बिटं. शून्याला १.१२५ मिलिसेकंद, एकाला २.२५. अॅड्रेस (कोणत्या उपकरणासाठी) आणि त्याचा उलटा, कमांड (कोणतं बटण) आणि तिचा उलटा असं जात असल्यामुळे शून्य आणि एक नेहमी सोळा-सोळाच येतात. म्हणजे पूर्ण फ्रेमला (एका संदेशाला) साधारण ६८ मिलिसेकंद. पाय झिरोला कोर एकच. तेवढा वेळ तो कोर इंटरप्ट बंद करून नुसता मोजत बसणार. पी-टेनला सतत स्कॅन करत राहावं लागतं. स्कॅनिंग थांबलं की काही ओळी भगभगीत पेटून राहतात, बाकीच्या विझतात. फलक लवायचं कारण ते. बटणांच्या इंटरप्टमध्ये तर २०० मिलिसेकंदांचा एमडिले होता, डिबाउन्स म्हणून, म्हणजे दाबताना बटणाचा संपर्क थरथरतो ती थरथर मोजली जाऊ नये म्हणून. तेवढ्यात दुसरं बटण दाबून सोडलं तर ते गेलंच.

आणि भुताटकीचा गुण? कोडमध्ये सुरुवातीच्या ९ मिलिसेकंदांची तपासणी नव्हती, उलट्या बाइटची नव्हती, अॅड्रेसचीही नव्हती. इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूब साधारण वीस हजार हर्ट्झच्या पुढेच चालतात. त्यांचा थोडाफार इन्फ्रारेड ३८ किलोहर्ट्झच्या रिसीव्हरला सिग्नलसारखा भासतो आणि पिनवर बारीकसारीक पल्स येत राहतात. असा एक पल्स आला की हा ड्रायव्हर फ्रेम आली समजून ३२ वेळा पिन वाचणार, आणि त्यातल्या फक्त कमांडच्या आठ बिटांवर विश्वास ठेवणार. आठ बिटांचे प्रकार २५६. सामना तासभर चालतो. कधीतरी त्यातला एक ‘गुण वाढव’ निघणारच.

उलटा बाइट प्रोटोकॉलमध्ये ठेवलाय तो याचसाठी. कर्नलचा एनईसी डिकोडर आधी झोताची लांबी बघतो, मग प्रत्येक पल्स मापात आहे का बघतो, मग उलटा बाइट जुळतो का बघतो. जीपीआयओ-आयआर-रिसीव्हचा इंटरप्ट तर जवळपास काहीच करत नाही. सिग्नल वर गेला किंवा खाली आला की मधला वेळ रांगेत टाकतो आणि बाहेर पडतो. अर्थ लावायचं काम कर्नलचा वेगळा थ्रेड सवडीने करतो. जीपीआयओ-कीजचंही तसंच: प्रत्येक हालचालीला टायमर पुन्हा सुरुवातीपासून लावायचा आणि पिन स्थिर झाल्यावरच वाचायची. मुळात ५ मिलिसेकंद असतात, आमच्या मोठ्या बटणांना मी २० ठेवले. प्रत्येक बटणाचा टायमर वेगळा, म्हणून दोघांनी एकदम दाबलं तरी दोन्ही लागतात.

मी जुना ड्रायव्हर काढून टाकला, ओव्हरले लिहिला, कीमॅप (रिमोटचा कोणता कोड म्हणजे कोणती की, याचा तक्ता) बनवला. तिन्ही तक्रारी गेल्या.

आणि अप्रेझलमध्ये वरिष्ठ म्हणाले, ‘ड्रायव्हर तू उडवलास, चार ओळी टाकल्यास. मग तू लिहिलंस काय?’ कागदावरही तसंच आलं, कोडमधला वाटा कमी. मी तेव्हा जे बोललो तेच आज इथे लिहितो. चार ओळी कोणत्या टाकायच्या हे कळायला प्रोटोकॉल, शेड्युलर, इनपुट सबसिस्टिम आणि ट्यूबलाइट हे सगळं कळावं लागतं. ओळी मोजून इंजिनिअरचं काम मोजणारा माणूस सामन्याला कधी गेलेला नसतो. आपल्याकडे ‘स्वतः लिहिलं’ याला नको इतकी प्रतिष्ठा आहे. ती कॉलेजातल्या गाइडपासून सुरू होते आणि तुमच्या प्रश्नात मला तीच दिसली.

आता तुमच्या पाच बटणांकडे. यूट्यूबवरचे बरेच धडे जुने आहेत. लर्क-आरपीआय नावाचा ओव्हरले सांगत असतील तर व्हिडिओ बंद करा, कर्नल ४.१९ पासून तो नाही. आता जीपीआयओ-आयआर असा ओव्हरले आहे, पिन सांगितली नाही तर १८ धरतो. बटणांसाठी जीपीआयओ-की, प्रत्येक बटणाला एक ओळ. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून कॉन्फिगची फाइल बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली आहे, जुन्या जागी लिहीत बसू नका. रिमोटचे कोड आयआर-कीटेबल या कमांडने बघा. काहीच दिसलं नाही तर घाबरू नका, अनेकदा दुसराच प्रोटोकॉल चालू असतो. एनईसी चालू करा की कोड धडाधड यायला लागतील. मग कीमॅप लिहा आणि ईव्हीटेस्टवर (आलेल्या की दाखवणारा प्रोग्राम) तपासा. बटण आणि रिमोट दोन्ही तिथे साध्या कीबोर्डसारखे दिसतात. तुमच्या प्रोग्रामला कोण कुठून आलं हे कळायची गरजच उरत नाही, आणि या वाटेचा मोठा फायदा तोच.

ईव्हीटेस्टवर किंमत १ म्हणजे दाबलं, ० म्हणजे सोडलं, २ म्हणजे दाबून धरलंय. मोजणीचं काही करत असाल तर २ सरळ सोडून द्या, नाहीतर एका दाबण्यात चार गुण जातील.

रिसीव्हरबद्दल एक महत्त्वाचं. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मागितलात तर टीसॉप १७३८ हातात ठेवतील. तो ५ व्होल्टचा आहे आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या वर सहन करत नाहीत. टीसॉप ३८२३८ मागा, तो २.५ व्होल्टपासून चालतो, ३.३ वर लावा. सप्लायच्या वायरीत १०० ओमचा रेझिस्टर आणि रिसीव्हरच्या पायांजवळ ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला. आमच्या पॅनेलांच्या सप्लायमधला गोंगाट याशिवाय गेला नव्हता. मैदानावर हॅलोजन असतील तर रिसीव्हरवर झापड लावा. उजेड थेट पडला की रिमोटचा पल्ला पार घटतो.

पायथॉनचा लूप का नको, तर ५६२ मायक्रोसेकंदांचे पल्स मोजायचे आहेत आणि लिनक्स तुमचा प्रोग्राम मध्येच केव्हाही बाजूला ठेवू शकतो. ईव्हीटेस्टला दिसणाऱ्या की पायथॉनमध्ये वाचा, त्याला माझी काहीच हरकत नाही.

काही अपवाद आधीच सांगायला हवे होते. एसीच्या रिमोटला ही वाट चालत नाही. तो प्रत्येक वेळी तापमान, पंखा, मोड अशी पूर्ण स्थिती लांबलचक फ्रेममध्ये पाठवतो, त्यामुळे एक बटण म्हणजे एक कोड असं नसतं. एक्स-इलेव्हनवर (लिनक्सची स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) अॅप चालवणार असाल तर रिमोटच्या ओके बटणाला एंटरचा कोड द्या. ओकेचा खरा कोड ३५२ आहे आणि एक्स-इलेव्हनला २५५ च्या पुढचं दिसत नाही. बटणं एखाद्या विचित्र चिपमागे असतील आणि तिला कर्नलमध्ये काहीच नसेल, तर मात्र ड्रायव्हर लिहावाच लागतो. शिकण्यासाठी लिहायचा असेल तरी जरूर लिहा, मीही असाच शिकलो. तेव्हा थ्रेडेड इंटरप्ट (लांबचं काम वेगळ्या थ्रेडवर सोपवणारा) घ्या, इनपुट-रिपोर्ट-कीनंतर इनपुट-सिंक विसरू नका, आणि इंटरप्टच्या आत मिलिसेकंदांची वाट कधीही बघू नका. फक्त तो ड्रायव्हर सामन्याला नेऊ नका.

गाइडना पटत नसेल तर जीपीआयओ-आयआर-रिसीव्हची सोर्स फाइल छापून घेऊन जा. छोटीशी आहे. तिच्यातली प्रत्येक ओळ का आहे ते व्हायव्हात समजावून सांगा, आणि बाहेरच्या परीक्षकांनी ‘हे तर तयार आहे, तुम्ही केलं काय?’ असं विचारलं तर ट्यूबलाइट लावून, रिमोट टेबलावर ठेवून, तासभर ईव्हीटेस्टचा रिकामा स्क्रीन दाखवा.