पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग पुढे गेलाय की मागे? मुलीला पाठवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगी बी.ए. झाली, तिला पत्रकारिता शिकायचीय, तुम्ही लातूरचे. कुणीतरी सांगितलं की पुण्याचं रानडे, म्हणजे पुणे विद्यापीठाचा हाच विभाग, आता पूर्वीसारखं राहिलं नाही. तर तिथं नेमकी काय प्रगती झाली, पुढं काय व्हायचंय आणि पैसे घालावेत का?

‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ हे वाक्य मी पंचवीस वर्षांपूर्वी प्रवेश घेतला तेव्हाही ऐकलं होतं. आमच्या आधीची बॅच म्हणायची, त्यांच्या आधीचेही म्हणत असणार. त्यामुळं त्या वाक्याची बातमी होत नाही. मी तिथं शिकलो, पुढं तीन दैनिकांत डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून लावायच्या टेबलावर, बसलो, आता एका मराठी न्यूज वेबसाइटवर आहे आणि आठवड्यातून दोन दिवस दुसऱ्याच एका विद्यापीठाच्या माध्यम विभागात तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

विभागाचं पाटीवरचं नाव लांबलचक आहे, संज्ञापन आणि वृत्तपत्रविद्या विभाग. १९६४ साली सुरू झाला. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात असल्यामुळं सगळे त्याला नुसतं ‘रानडे’ म्हणतात. त्याच आवारात विद्यापीठाचा परकीय भाषा विभागही आहे. आमचा तास चालू असताना शेजारून जर्मन क्रियापदं घोकल्याचा आवाज यायचा. महाराष्ट्रातलं पत्रकारितेचं शिक्षण काही इथंच सुरू झालं नाही, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ मध्येच कोर्स सुरू झाला होता. पण पुण्या-मुंबईच्या मराठी वृत्तपत्रांच्या डेस्कवर तुम्ही हाळी दिलीत, ‘रानडेचे कोण कोण?’, तर चार हात वर होतात. ही खरी कमाई, आणि ती कुठल्याच वार्षिक अहवालात येत नाही.

आता तिथं शिकवायचे काय, ते एका बातमीवरून सांगतो. पहिल्या सत्रात मला महापालिकेत पाठवलं. फर्ग्युसन रस्त्यावरून चालत वीस-पंचवीस मिनिटं. मी पाणीपुरवठा विभागाचं निवेदन घेऊन आलो आणि कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, लिहिली : ‘गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद राहणार असून शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.’ पुणेकरांनी हे वाक्य जन्मभर वाचलेलं असतं. सरांनी ‘उशिरा’खाली लाल रेघ मारली. “उशिरा म्हणजे किती वाजता?”

“माहीत नाही सर, निवेदनात नाही.”

“मग जा परत.”

गेलो. टेबलावरच्या गृहस्थांनी मला पर्वती, वडगाव, लष्कर, चतुःशृंगी अशी जलकेंद्रांची आणि टाक्यांची यादी दाखवली आणि म्हणाले, हे असंच छापतात सगळे. कनिष्ठ अभियंता जेवून आले तोवर थांबलो. ते हसले. म्हणाले, टाकीजवळच्यांना शुक्रवारी सकाळीच येतं, पण लाइनच्या टोकाला आणि चढावर जे राहतात त्यांना शनिवारशिवाय काही नाही. म्हणजे ‘एक दिवस पाणी बंद’ हे काही भागांत दोन-अडीच दिवस बंद होतं! मी चढावरच्या एका वस्तीत गेलो, बायकांनी पिंपांचे हिशेब सांगितले. तिसऱ्यांदा लिहिलेली कॉपी सरांनी वाचली आणि फक्त एक शब्द खोडला, ‘नागरिकांची’. वर लिहिलं, ‘कुणाची?’

कॅमेरा नव्हता, स्टुडिओ नव्हता, संगणक होते तेही रांग लावून मिळायचे. तरी त्या तीन खेपांत मी जे शिकलो त्यावर अजून पोट चालतंय.

म्हणूनच २०२१ च्या ऑगस्टमधला वाद मला महत्त्वाचा वाटतो. विद्यापीठानं ठरवलं की रानडेतला विभाग गणेशखिंडीच्या मुख्य आवारात हलवायचा आणि तिथल्या माध्यम आणि संज्ञापन अभ्यास विभागात विलीन करायचा. विद्यार्थी, माजी विद्यार्थी, पत्रकार, सगळे उठले. उच्च शिक्षणमंत्र्यांनी निर्णयाला स्थगिती दिली. तेव्हा मीही तावातावानं बोललो होतो. आता थंड डोक्यानं बघतो तेव्हा वाटतं, विद्यापीठाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. एकाच विद्यापीठात माध्यमांचे दोन विभाग, दोन ठिकाणी शिक्षक, दोन ठिकाणी यंत्रं. पण आमचं म्हणणं नुसतं आठवणींचंही नव्हतं. महापालिका, डेक्कन, शिवाजीनगरचं कोर्ट, नवी पेठेतलं पत्रकार भवन, हे सगळं पायी किंवा सायकलच्या टप्प्यात असणं हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. ‘मग जा परत’ असं म्हणणं सोपं असतं ते विद्यार्थी अर्ध्या तासात परत जाऊ शकतो म्हणून. चारशे एकरांच्या हिरव्यागार आवारातून मूल दिवसात तीनदा महापालिकेत कसं जाणार? जागा बदलली की शिकवण्याची पद्धतही बदलते.

प्रगती नाही असं मात्र नाही. एकेकाळचा पदवीनंतरचा वर्षभराचा कोर्स जाऊन दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आली. आमच्या वेळी ‘संशोधन’ म्हणजे शेवटच्या महिन्यात बांधून आणायचा प्रबंध होता, आता त्याला खरं वजन आहे. विद्यापीठाचं स्वतःचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, विद्यावाणी, १०७.४ एफएम. गंमत अशी की सामुदायिक रेडिओवर स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही. म्हणजे पत्रकारितेचा विद्यार्थी माईकसमोर बसतो आणि बातमी सोडून सगळं सांगतो! पाणी कधी येणार, वाहतूक कुठं वळवली, निकाल कधी, हे चालतं, कारण नियमात ते ‘बातमी’ धरलेलं नाही. माझ्या मते हा अडथळा नसून वरदान आहे. नेत्यानं काय म्हटलं हे सांगता येत नाही म्हटल्यावर मुलं आपोआप माणसांकडं वळतात. मोहल्ल्यातला गॅरेजवाला, कचरा वेचणाऱ्या बाया, स्पर्धा परीक्षेचा सातवा प्रयत्न देणारा मुलगा. आवाजाची शिस्त लागते ती वेगळीच.

पुढच्या योजनांचं म्हणाल, तर नव्या शैक्षणिक धोरणाचा सांगाडा आधी समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर लटकलंय. महाराष्ट्रात पदव्युत्तर वर्गांना ते २०२३-२४ पासून लागू झालं. दोन वर्षांची पदवी ८८ श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिट्सची. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती ४ श्रेयांक, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, म्हणजे ज्याला सगळे ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) म्हणतात ते, ४ श्रेयांक, तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात मिळून १० श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प. पहिल्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. चार वर्षांची पदवी करून येणाऱ्यांना पदव्युत्तर एका वर्षात. तुमची मुलगी तीन वर्षांच्या पदवीची, तिला दोन वर्षं धरा.

कागदावर हे मला आवडतं. ओजेटी तर फारच. पण ओजेटीला मुलं येतात ती माझ्याच डेस्कवर, आणि तिथं काय होतं ते सांगतो. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना लॉगिन देतो आणि म्हणतो, वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्या मराठीत टाक. दिवसाला पंधरा. आता तर भाषांतर यंत्रच करतं, मूल फक्त बटण दाबतं आणि वेलांट्या बघतं. परवा असंच एका बातमीत आलं, ‘मंत्र्यांना ईडीने आठ तास भाजले.’ इंग्रजीत ‘ग्रिल्ड’ होतं, म्हणजे कसून चौकशी केली. पोरानं पुढं पाठवलंसुद्धा. मी अडवलं म्हणून बरं, नाहीतर दुपारभर आमचीच भाजणी झाली असती. चूक त्या पोराची नाही. सहा आठवड्यांत त्याला कुणी ‘मग जा परत’ म्हटलं नाही, मीसुद्धा नाही. माझ्यापुढं चाळीस बातम्या तुंबलेल्या असतात. चार श्रेयांक मात्र पूर्ण झाले.

दुसरी गोष्ट माणसांची. राज्यातल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत आणि गाडा आमच्यासारख्या तासिकावाल्यांवर चालतो. मी जिथं शिकवतो तिथं मानधन कधी सहा महिन्यांनी येतं. मला पगार दुसरीकडून आहे म्हणून परवडतं. नेट-सेट झालेले, फक्त यावरच जगणारे सहकारी बघितले की वाईट वाटतं. याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध असा : तीस मुलांच्या तीस कॉपी लाल पेनानं तपासायला रोज तीन तास लागतात. तासाचे पैसे मिळणारा माणूस तासानंतर तीन तास का बसेल? स्टुडिओसाठी निधी एकदा मिळतो, फीत कापली जाते, फोटो येतो. कॉपी तपासणाऱ्याचा फोटो कोण काढणार! ६ जानेवारीला पत्रकार दिनी बाळशास्त्रींच्या ‘दर्पण’च्या आठवणी काढून शाल-श्रीफळ देतात, त्यात कधीतरी एक लाल पेनांचा डबाही द्यावा.

एवढं निराश बोलतोय, तर मग मी दर आठवड्याला जातो कशाला? गेल्या वर्षीचा एक तास सांगतो. केजकडची एक मुलगी, आई-वडील ऊसतोडीला जाणारे. तिनं मोबाइलवर चार मिनिटांची फिल्म करून आणली. फडातलं वारं माइकमध्ये घुसतंय म्हणून तिनं फोनच्या खालच्या टोकाला आईचा हातमोजा बांधला होता. युक्ती चांगली, फक्त प्रत्येक वाक्य गोधडीतून आल्यासारखं. निवेदन मी सुधारत होतो. तिनं लिहिलं होतं, ‘मुकादमानं यंदा कोयत्याला उचल वाढवून दिली.’ मी, शहाणा, कोयत्याखाली रेघ मारून लिहिलं, ‘मजूर दांपत्याला?’ ती म्हणाली, “सर, आमच्यात जोडीलाच कोयता म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा एकटा असला तर अर्धा. म्हणून तर पोरींची लग्नं लवकर लावतात.”

वर्ग गप्प. मी माझी रेघ खोडली. तिला सांगितलं, तुझी बातमी या शेवटच्या वाक्यात आहे, उचलीत नाही. जा परत. ती गेली, दिवाळीनंतर टोळी जिथं उतरली होती त्या कारखान्यापर्यंत गेली, आणि आणली ती कॉपी आम्ही आमच्या वेबसाइटवर तिच्या बायलाइननं, म्हणजे तिच्या नावानं, लावली. हातमोज्याऐवजी स्पंज वापरला होता, आवाजही ठीक होता.

पुढच्या योजनांमध्ये डेटा पत्रकारिता, पॉडकास्ट, तथ्य-पडताळणी, कृत्रिम बुद्धिमत्ता हे शब्द तुम्हाला प्रत्येक विभागाच्या माहितीपत्रकात दिसतील. वाईट नाही त्यात काही, यायलाच हवेत. पण यंत्राला ‘अर्धा कोयता’ माहीत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्यावर भाषणं झाली, मला त्यातून एवढंच हवंय की विद्यापीठांनी मराठी कॉपीसाठी पूर्णवेळ माणसं नेमावीत. दर विभागाला दोन. उरलेलं पोरं करून घेतात.

आता तुमचं. पुणे विद्यापीठाला प्रवेश परीक्षा असते, तयारी करायला हवी, आणि राहण्या-खाण्याचा खर्च फीपेक्षा जास्त भरतो. हॉस्टेल मिळेलच असं धरून चालू नका. पुणं जमत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या जिल्ह्याचं विद्यापीठ नांदेडचं, तिथं माध्यमशास्त्र संकुल आहे. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, तिथं मराठी पत्रकारितेचा कोर्स आहे. ही मूळ दिल्लीची, १९६५ ची संस्था २०२४ पासून अभिमत विद्यापीठ झालीय. खासगी कॉलेजांची फी ऐकून घाबरलात तर तुम्ही शुद्धीवर आहात असं समजा.

कुठंही घाला, पण आधी एक दिवस जाऊन या. विभागप्रमुखांना भेटायची घाई नको, ते स्टुडिओच दाखवतील. दुपारी चारच्या सुमारास चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाची मुलं गाठा आणि विचारा, “शेवटची तपासून मिळालेली कॉपी आहे का जवळ? दाखवता?” कागद असो की मोबाइलवर असो. त्यावर कुणीतरी रेघा मारलेल्या दिसल्या तर फॉर्म भरा. मुलं एकमेकांकडं बघायला लागली तर पुढचं विद्यापीठ बघा.

आणि हे मुलीला विचारू द्या. तुम्ही दोन टेबलं लांब बसून भजी खा.